आधी ओढा, मग प्लॉट

सोलापूर महापालिकेची हद्द १९९२ साली वाढली आणि शेळगी, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी ही भोवतालची गावं शहरात आली. महापालिकेचं क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झालं. तेव्हापासून शहराची खरी वाढ याच पट्ट्यात चालू आहे. ज्वारीची रानं गेली, माळ गेले, तिथं प्लॉट पडले. या घरांची गरज खरी आहे. यंत्रमागावर, विडीच्या सुपावर, शिलाई मशीनवर आयुष्य काढणाऱ्या माणसाला स्वतःची दोन खोल्यांची जागा हवी असते आणि ती त्याला मिळालीच पाहिजे. म्हणून घरं बांधायची की निसर्ग राखायचा, असा वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. घरं कुठं आणि कोणत्या क्रमानं बांधायची, हा कामाचा प्रश्न आहे.

निसर्गाधारित रचना याच प्रश्नाचं उत्तर देऊ पाहते. जमिनीचा उतार, माती, पाण्याची वाट आणि झाडोरा आधी नीट बघायचा आणि जमेल तेवढं काम त्यांच्याकडूनच करून घ्यायचं. पावसाचा लोंढा थोपवणं, पाणी मुरवणं, सांडपाण्याचा घाण अंश खाऊन टाकणं, उन्हाचा दाह कमी करणं, ही कामं जमीन आणि झाडं फुकट करतात. उरेल ते पाइप, पंप आणि सिमेंटवर सोपवायचं. आपल्याकडे नेमकं उलट चालतं.

सोलापूरचा पाऊस

जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास धरतात. आपण स्वतःला दुष्काळी म्हणवून घेतो आणि ते खोटं नाही. पण या पावसाचा स्वभावही पाहायला हवा. जून-जुलैत तो ओढ देतो, आणि सप्टेंबर हा सोलापुरातला सर्वांत जास्त पावसाचा महिना. परतीचा पाऊस येतो तो विजांसह, थोड्या तासांत पुष्कळ पाडून जातो. ऑक्टोबर २०२० मध्ये हेच झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं माढा, मोहोळ, करमाळा आणि उत्तर सोलापूर तालुक्यांतली गावंच्या गावं पाण्यात घातली. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तिथंच पावसाळ्यात बोटी आणाव्या लागल्या.

आता एक छोटा हिशेब. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. एवढ्या छतावर साडेपाचशे मिलिमीटरच्या वर्षात सुमारे ५५ हजार लिटर पाणी पडतं. पाचशे चौरस फुटांची हजार छपरं असलेली वसाहत धरली, तर आकडा अडीच कोटी लिटरपर्यंत जातो. हे पाणी गटारात जातं. पिण्याचं पाणी मात्र शंभर किलोमीटरहून लांब असलेल्या उजनीतून पंपानं उचलून आणावं लागतं, आणि तेही शहराच्या अनेक भागांत काही दिवसांच्या अंतरानं नळाला येतं. छतावरच्या पाण्यानं उजनीची गरज संपेल, असं मी म्हणणार नाही. पण धुण्याभांड्याचं, झाडांचं, बांधकामाचं पाणी उजनीवरून आणायचं कारणही मला दिसत नाही.

काळी माती आणि मुरूम

“पाणी अडवा, पाणी जिरवा” ही घोषणा सोलापुरात सरसकट लावता येत नाही. इथल्या काळ्या मातीत जिरवणं अवघड असतं. ही चिकणमाती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात रानात हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून आत जातो. पण माती एकदा फुगली की भेगा मिटतात आणि त्यानंतर तासाला काही मिलिमीटरच पाणी आत जातं. वरून तासात पन्नास मिलिमीटर कोसळत असेल, तर बाकीचं सगळं उताराला लागतं.

माळावर चित्र निराळं आहे. तिथं मातीचा थर वीतभर, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला किंवा जाळीदार खडक, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. इथं पाणी खरोखर उतरतं आणि पुढं खालच्या विहिरींना, बोअरला लागतं. त्याखालचा काळा पाषाण अखंड असेल, तर त्यात पाण्याला थारा नाही.

यातून एक अडचण उभी राहते. मुरमाची जमीन पायासाठी उत्तम, काळ्या मातीत बांधकामाला तडे जातात, म्हणून बिल्डरची पहिली पसंती माळाला असते. पाणी मुरायलाही माळच हवा. दोघांची ओढ एकाच जमिनीवर. त्यामुळे माळावर घरं बांधताना तिथल्या मुरण्याच्या जागा आधी बाजूला काढून ठेवणं, ही सोलापूरच्या निसर्गाधारित रचनेची पहिली अट आहे.

आधीच्यांनी काय केलं

हे शहर पाणी साठवूनच वसलं. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी इथं तलाव खोदवला. श्रम हीच पूजा मानणाऱ्या शरणांच्या परंपरेतलं ते काम. आजही जानेवारीतल्या त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळा याच तलावाशेजारी होतो. आपलं ग्रामदैवत तलाव खोदणारा माणूस आहे, याचा सोलापूरकरांना वाटतो त्याहून जास्त अभिमान वाटायला हवा.

विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव, म्हणजे आजचा धर्मवीर संभाजी तलाव, हा शहरातला दुसरा मोठा जलसाठा. शहराच्या उत्तरेला आदिला नदीवर इंग्रजांनी मातीचं धरण बांधलं, ते एकरुख. आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. १८७१ साली ते पूर्ण झालं. सिंचनासाठी बांधलेल्या या तलावानं शहराला पाणी पाजलं, आणि हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांनाही जागा दिली.

शेतीतलं काम याहून कमी माहीत आहे. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. उताराला आडवे बांध घालायचे, आडवी मशागत करायची, पाऊस पडेल तिथंच ओल धरायची, रब्बी ज्वारीसाठी ती ओल जपायची, ही पद्धत इथल्याच रानांत तपासली गेली आणि पुढं देशभर गेली. उताराच्या समरेषेवर बांध घालणं आणि उताराच्या समरेषेवर रस्ता आखणं यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही. शेतकऱ्याला जे नव्वद वर्षांपूर्वी शिकवलं, ते लेआउट काढणाऱ्याला आपण अजून शिकवलेलं नाही.

आणि माळवदाची घरं. लाकडी सऱ्यांवर पाला, त्यावर जाड पांढऱ्या मातीचा थर, पाणी काढायला पन्हळ. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढं गेला तरी आत बसवायचा. त्या जागी स्लॅब आणि पत्रा आला. दुरुस्तीच्या कटकटीमुळे माळवद गेलं, हे समजण्यासारखं आहे. पण छतावर उष्णता अडवणारा थर असावा, ही त्यातली समज टाकून द्यायला नको होती.

ओढा कसा नाहीसा होतो

कोणी एका दिवसात ओढा बुजवत नाही. मी हे शहराच्या कडेला पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि क्रम ठरलेला असतो. आधी शेत विकलं जातं. शेताच्या कडेनं पावसाळ्यात दोन महिने वाहणारी, एरवी कोरडी असलेली घळ असते. तिच्यात हिवर, बाभूळ, करंज आणि थोडं गवत. सातबारावर तिचं वेगळं नाव नसतं. मग जेसीबी येऊन बांध सपाट करतो आणि निघालेली माती घळीतच लोटतो. चुन्याच्या रेघा पडतात, कोपऱ्यांवर पांढरे दगड रोवले जातात. रस्ता घळीला आडवा जातो, त्याखाली हात-दीड हात व्यासाचा एक सिमेंटचा पाइप टाकतात. प्लॉट विकले जातात. वरच्या बाजूच्या रानातही पुढं प्लॉट पडतात, त्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त पाणी पूर्वीपेक्षा लवकर खाली येतं. पाइपात प्लास्टिक अडकतं. पाच-सात वर्षांनी एखाद्या सप्टेंबरात पाणी आपली जुनी वाट धरतं आणि त्या वाटेवर आता कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा ओटा असतो.

तिथं राहणाऱ्याचा यात दोष नाही. त्यानं कर्ज काढून प्लॉट घेतला, तेव्हा ओढा जमिनीवर दिसतच नव्हता.

यावर आपला नेहमीचा उपाय म्हणजे नाल्याचं सरळीकरण आणि दोन्ही बाजूंनी सिमेंटची भिंत. त्यानं त्या गल्लीतलं पाणी लवकर निघतं हे खरं, पण ते तेवढ्याच जोरानं खालच्या वस्तीवर जातं. वळणं आणि काठचं गवत पाण्याचा वेग मोडतात, गाळ धरतात. ती काढली की आपण पूर एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात पाठवतो, एवढंच.

नकाशा कुठून सुरू करायचा

इयन मॅकहार्ग या स्कॉटिश-अमेरिकी आराखडाकारानं १९६९ साली ‘डिझाइन विथ नेचर’ या पुस्तकात एक साधी पद्धत मांडली. एकाच जागेचे वेगवेगळे नकाशे काढायचे: उताराचा, मातीचा, पाण्याचा, झाडांचा. ते एकावर एक ठेवायचे. जिथं निसर्गाचं काम जास्तीत जास्त आहे, ती जागा सोडायची. जिथं कमी आहे, तिथं बांधायचं. तेव्हा हे पारदर्शक कागदांवर करत, आज संगणकावर एका दुपारी होतं.

चीनमधले भूदृश्य-वास्तुरचनाकार यू कोंगजियान यांनी हाच विचार शहरभर नेला. शहरानं स्पंजासारखं पाणी शोषावं आणि सावकाश सोडावं, ही त्यांची कल्पना तिथल्या सरकारनं गेल्या दशकात धोरण म्हणून घेतली. त्यांना ती सुचली शेतकऱ्यांच्या तळ्यांवरून आणि बांधांवरून. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये विमान अपघातात ते गेले. त्याच आठवड्यात इथं सीना काठ सोडून वाहत होती.

सोलापूरच्या एखाद्या वीस एकरांच्या लेआउटला हे लावायचं, तर क्रम असा असेल. पहिल्यांदा गावच्या जुन्या नकाशावरून आणि जागेवर फिरून पाण्याच्या सगळ्या वाटा काढायच्या. मोठ्या ओढ्याच्या दोन्ही अंगांना हिरवा पट्टा सोडायचा. नद्यांसाठी पाटबंधारे खातं निळी आणि लाल पूररेषा आखतं. लहान ओढ्यांना ती बहुधा नसते, म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांना पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारायचं. मग मुरमाचा उघडा तुकडा शोधायचा आणि कायद्यानं सोडावी लागणारी खुली जागा तिथं आणि ओढ्यालगत ठेवायची. रस्ते त्यानंतर. प्लॉट सर्वांत शेवटी.

राज्याच्या २०२० सालच्या एकात्मिक नियमावलीत ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या लेआउटला दहा टक्के खुली जागा सोडावीच लागते. म्हणजे जागा जास्त मागायची नाही, फक्त ती योग्य ठिकाणी मागायची आहे. आज ही दहा टक्के जागा बहुतेक वेळा विकायला न जमणाऱ्या तिरक्या कोपऱ्यात असते. तिथं कुंपण, पेव्हर ब्लॉक आणि दोन बाक बसतात. तीच जागा ओढ्याच्या कडेला, भोवतालच्या रस्त्यापेक्षा दीड-दोन फूट खोल ठेवली, तर दहा महिने मुलांचं मैदान आणि जोरदार पावसाच्या दिवशी पाण्याचा हौद, अशी दोन्ही कामं ती करते.

मुरवण्याचा चर

नियमावलीप्रमाणे पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटना पर्जन्यसंचय सक्तीचा आहे. सोलापुरातले बहुसंख्य प्लॉट त्याहून लहान. शिवाय घरटी खड्डा इथं फारसा चालतही नाही. तासात साठ मिलिमीटर पाऊस झाला तर एका गुंठ्याच्या छतावरून सहा हजार लिटर पाणी येईल. दगडगोट्यांनी भरलेल्या खड्ड्यात पाण्याला चाळीस टक्केच मोकळी जागा असते. म्हणजे खड्डा हवा पंधरा घनमीटरचा: पाच मीटर लांब, दीड मीटर रुंद, दोन मीटर खोल. गुंठाभर जागेत घर बांधून हा कुठं बसवणार? आणि काळ्या मातीत पायाजवळ पाणी मुरवलं, तर माती फुगून भिंतीच उकलतील. पायापासून निदान दहा फूट अंतर हवंच.

म्हणून हे काम सगळ्यांनी मिळून खुल्या जागेत करायचं. चर काळ्या थरातून आरपार खाली मुरमापर्यंत न्यायचा. मातीतच थांबला तर ते डबकं होईल. तळाला मोठे दगड, वर खडी, वर जाड वाळू. वाळूवर वाळा, लव्हाळा, मारवेलसारखं गवत. छताचं पाणी आधी जाळीतून आणि छोट्या गाळ-कुंडीतून आणायचं. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी आत घ्यायचं नाही. दरवर्षी मे महिन्यात वरची वाळू काढून धुवायची, नाहीतर तीन वर्षांत चर बुजतो.

डासांची शंका रास्त आहे. डासाला अंड्यातून उडेपर्यंत आठवडाभर तरी साचलेलं पाणी लागतं. चरातलं आणि खोलगट मैदानातलं पाणी दोन-तीन दिवसांत उतरलं पाहिजे, हीच त्याच्या बांधणीची कसोटी. उतरत नसेल तर जागा चुकली.

कुंभारीचा धडा

विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं कुंभारीजवळ दहा हजार घरं झाली. २००६ साली त्यांचा ताबा दिला गेला. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रे नगर उभं राहिलं. कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांनी लावून धरलेली ही तीस हजार घरांची योजना. त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ ला दिला गेला. एका शहरातल्या कष्टकऱ्यांनी संघटनेच्या जोरावर एवढी घरं मिळवणं, ही गोष्ट मला सोलापूरच्या इतिहासातली फार मोठी वाटते.

आराखडा करणाऱ्यांनी अशा वसाहतींकडं निराळ्या नजरेनंही पाहावं. गुंठेवारीत प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा, तिथं ओढा वाचवायला शंभर जणांची सही लागते. एकहाती वसाहतीत रस्ते, छपरं, गटारं, खुल्या जागा एकाच नकाशावर असतात. तीस हजार घरं, घरटी पाच माणसं धरली तर दीड लाख लोक. माणशी रोज शंभर लिटर पाणी धरलं तर दीड कोटी लिटर; त्यातलं ऐंशी टक्के, म्हणजे एक कोटी वीस लाख लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडणार. तालुक्याच्या गावाएवढा हा पसारा. पुढच्या प्रत्येक अशा योजनेत हे आकडे जमीन निवडतानाच टेबलावर यायला हवेत.

सांडपाण्याला झाडं पुरतील का

पाणकणीस, बोरू, कर्दळ ही झाडं खडीच्या उथळ वाफ्यात लावायची आणि त्यांच्या मुळांतून सांडपाणी सावकाश सोडायचं. मुळांवरचे जिवाणू घाण खातात. आपल्यासारख्या उष्ण हवेत माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा लागते. मधला आकडा धरला, तर पाचशे माणसांच्या वस्तीला साडेसात गुंठ्यांत काम भागतं. विजेचा खर्च जवळपास नाही.

दीड लाख माणसांसाठी मात्र पंचावन्न एकर लागतील. तेवढी जागा कोणी देणार नाही आणि मागूही नये. मोठ्या वस्तीला यंत्राचं शुद्धीकरण केंद्रच हवं. वनस्पतींचा वाफा त्याच्या शेवटी ठेवायचा, म्हणजे उरलेलं नत्र आणि स्फुरद तिथं शोषलं जाईल. बेंगळुरूच्या जक्कूर तलावात असंच आहे: केंद्रातून निघालेलं पाणी पाणथळीतून तलावात येतं, आणि तलाव बाराही महिने भरलेला राहतो. आपल्या तलावांत जलपर्णी माजते ती याच नत्र-स्फुरदावर. जलपर्णी यंत्रानं काढत राहण्यापेक्षा तिचं खाणं तोडणं स्वस्त पडतं.

रंगकामाच्या कारखान्यांचं पाणी या वाफ्यात कधीही घालू नये. चादरी-टॉवेलच्या रंगात क्षार असतात. त्यांनी झाडं मरतात. त्याची शुद्धी कारखान्याच्या दारातच व्हायला हवी.

माळ म्हणजे पडीक नव्हे

हिरवळ म्हटलं की आपण खड्डे खणून झाडं लावतो. सोलापूरसाठी हे नेहमीच बरोबर नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं. तिथलं मूळ रान गवताचं आहे: पवन्या, मारवेल, कुसळी. काळवीट, लांडगा, खोकड त्या मोकळ्या गवतावर जगतात. माळढोकाला तर दूरवर दिसेल असं उघडं रान लागतं. गवताळ माळावर ग्लिरिसिडियासारखी परकी झाडं दाटीनं लावल्यानं त्याची जागा आकसली. आज तिथं माळढोक दिसला तर बातमी होते.

म्हणून शहराच्या उत्तरेला, नान्नजकडं जाणाऱ्या बार्शी रस्त्यानं वाढ होईल, तेव्हा वृक्षारोपणाचा आकडा हे यशाचं माप धरू नये. माळावर गवत राखायचं, चराईला पाळी लावायची. झाडं लावायची ती रस्त्यांच्या कडेला, ओढ्याच्या काठानं, घरांच्या पश्चिमेला, जिथं दुपारचं ऊन भिंत तापवतं. कडुनिंब, करंज, चिंच, हिवर यांना तीन वर्षं पाणी घातलं की पुढं ती आपापली जगतात. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक मात्र भिडवू नयेत.

पैसे आणि माणसं

खर्चाचा मुद्दा प्रत्येक बैठकीत येतो. गवताचा उथळ चर सिमेंटच्या गटारापेक्षा बांधायला स्वस्त असतो. पण त्याला दरवर्षी माणूस लागतो: गाळ काढायला, गवत कापायला, प्लास्टिक वेचायला. ठेकेदाराला एकदा सिमेंट ओतून बिल काढणं सोयीचं, आणि अंदाजपत्रकात देखभालीचं शीर्षक कायम रिकामं. बागेसारखी रचना करून ती गटारासारखी सोडून दिली, तर दुसऱ्याच पावसाळ्यात लोक म्हणणार, हे चालत नाही, पाइप टाका.

मार्ग आहे. लेआउट मंजूर करताना विकासकाकडून पाच वर्षांच्या देखभालीची अनामत घ्यायची. वसाहतीतल्या बचत गटांना चर आणि वाफ्यांचं काम मजुरीनं द्यायचं. विड्या वळणाऱ्या बायकांना दुसरं काम हवंच आहे. बांधकाम परवान्याच्या अर्जाला पाण्याच्या वाटांचा नकाशा जोडायची सक्ती करायची. आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी महापालिकेच्या अभियंत्यानं एकदा पावसाळ्यात, पाऊस चालू असताना, जागेवर जाऊन यायचं. चर भरतो का, किती वेळात उतरतो, रस्त्यावरचं पाणी कुठं वळतं, हे तेव्हाच दिसतं; उन्हाळ्यात काढलेल्या फोटोंच्या फायलीत ते सापडत नाही.